पाच पॉइंट दोनवर अठ्ठावन्न मिनिटं

भूतखेत, आत्मा वगैरे गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत, आजही मानत नाही. मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मशीनने आकडा दिला, दोनदा तपासला, की तो खरा... एवढाच माझा विश्वास. म्हणूनच हे लिहिताना भीतीपेक्षा संताप जास्त आहे.

माझा धाकटा भाऊ रोहित हिंगण्याला एका कारखान्यात होता. पगारातून त्याने कॉम्प्युटर जुळवला आणि मग त्याला ओव्हरक्लॉकिंगचं वेड लागलं. म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. त्याला पाच पॉइंट दोन गिगाहर्ट्झ हवे होते, आणि तेही स्टेबल – पूर्ण ताण देऊन एक तास, न अडकता. चाळीस मिनिटांच्या आसपास ते यंत्र तापायचं आणि स्क्रीन निळी होऊन सगळं बंद पडायचं. दर वेळी.

एप्रिलमधली दुपार. इंदोरा वस्तीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, बाबांना दमा आणि घरात कूलर एकच. मी लॅबमधून लवकर आले तर कूलर बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे तोंड करून. आतल्या खोलीत बाबा घामाने निथळत बसलेले.

"बाप तिकडे उकडून राहिला, अन् तू डब्ब्याले हवा देऊन राहिला? लाज वाटते का?"

"एक तास ताई, फक्त एक तास! एकदा टिकला ना, की हात नाही लावणार याले."

मी ऐकलं नाही. कूलर ओढत आत नेला. पाच मिनिटांत स्क्रीन निळी झाली. रोहित जेवणाचा डबा न घेता, हेल्मेट न घेता दुसऱ्या पाळीला निघाला. हिंगणा रोडवर ट्रकने त्याच्या गाडीला उडवलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं.

हेल्मेट दारामागे लटकत होतं. त्याचा राग मी कोणावर काढायचा, सांगा?

जलदान विधी झाला, मे संपत आला. बाबांना रोहितचे फोटो हवे होते आणि ते त्या कॉम्प्युटरमध्ये. त्याचा मित्र मंगेश यातला जाणकार. रविवारी दुपारी दोनला तो आला. मध्येच अडकू नये म्हणून त्याने माझ्यासमोर बोर्डवरचा छोटा सेल काढला, परत बसवला. म्हणजे रोहितच्या सगळ्या सेटिंग पुसल्या, यंत्र कंपनीच्या वेगावर आलं. तो आकडा त्याने मला दाखवलासुद्धा.

"ताई, दहा मिनिटं टेस्ट लावून पाहतो, मग फोटो काढू."

मी चहा घेऊन आले तर तो खुर्चीत ताठ बसलेला. स्क्रीनवर पाच पॉइंट दोन. आणि प्रोसेसरचं तापमान एकतीस.

"सेन्सर गेला असेल," मी म्हटलं.

"हात लावून पाहा न."

प्रोसेसरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या माठासारख्या गार होत्या. कूलर आत बाबांकडे होता. बाहेरच्या खोलीत नुसता पंखा. मी पर्समधला लॅबचा थर्मामीटर काढला. खोलीत बेचाळीस, पट्ट्यांवर तीस. दोनदा मोजलं. नुसत्या हवेवर थंड होणारी कोरडी वस्तू हवेपेक्षा गार होऊ शकत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस. पन्नास. मंगेश रडत होता.

"रोहितच आहे, ताई. त्याचा तास पुरा करून राहिला."

आणि माझं डोकं फिरलं. महिनाभर बाबा गाडीचा आवाज आला की दाराकडे बघत होते. एक घास जात नव्हता त्यांना. आणि हा आलाच असेल, तर बाबांच्या उशाशी नाही, माझ्यासमोर नाही... या डब्यात?

"आताही हेच पाहिजे तुले? हेच?" मी ओरडले.

आतून बाबांचा आवाज आला, "कोणावर ओरडून राहिली वं?"

"कोणावर नाही, बाबा."

अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

मंगेश एवढंच म्हणाला, "दोन मिनिटं थांबल्या असत्या तर." मी पट्ट्यांना पुन्हा हात लावला तर त्या चटका बसेल इतक्या तापल्या होत्या.

फोटो मिळाले. पाच पॉइंट दोनवर ते यंत्र पुन्हा कधी चाललं नाही. मंगेशने डिसेंबरच्या थंडीतही प्रयत्न केला – सुरूच होत नाही. दोन जाणकारांना दाखवलं. त्यांच्या मते सेन्सर ठीक, बोर्ड ठीक, सगळं ठीक. मग त्या दुपारी काय झालं, त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

कोणाकडे खरं उत्तर असेल तर जरूर लिहा. थर्मामीटर चुकला म्हणा, उन्हाने डोकं फिरलं म्हणा, चालेल. पण मी दोन मिनिटं थांबायला हवं होतं, हे कृपया कोणी लिहू नका. ते मला रोज कळतं.