चार फूट पाण्यातलं कोर्ट

पोहण्याच्या तलावाच्या उथळ बाजूला, जिथे पाणी बरोबर चार फूट आहे आणि भिंतीवर निळ्या रंगात तसं लिहूनही ठेवलं आहे, तिथे रोज सकाळी साडेसात ते साडेआठ बायकांची शिकाऊ बॅच चालते. चालते म्हणजे काय, उभी असते. अकरा बायका भिंतीची दांडी धरून अर्धवर्तुळात उभ्या, टोप्या कानांवरून वर सरकवलेल्या, आणि मधोमध छातीभर पाण्यात कोर्टकाकू. पलीकडच्या खोल बाजूने हातपाय मारल्याचे आवाज येतात. या बाजूने येतं ते, "अगं बाई, मग जामीन दिलाच कसा त्याला?"

कोर्टकाकू वकील नाहीत, आणि न्यायाधीश तर नाहीतच. सत्र न्यायालयात त्या बत्तीस वर्षं लघुलेखिका होत्या. साक्षीदारांनी बोलायचं, वकिलांनी भांडायचं, न्यायाधीशांनी सांगायचं आणि काकूंनी मान खाली घालून ते उतरवून घ्यायचं. समोर खुनाचे खटले चालले, दरोड्यांचे चालले, एकदा एक साक्षीदार पिंजऱ्यातच चक्कर येऊन पडला, पण काकूंच्या तोंडून बत्तीस वर्षांत भर कोर्टात एकच वाक्य निघालं: "साहेब, जरा सावकाश." माणसाच्या पोटात शब्द मावून मावून किती मावणार? निवृत्त झाल्या त्याच संध्याकाळी बांध फुटला. यजमानांनी पहिला आठवडा कौतुकाने ऐकलं, दुसऱ्या आठवड्यात कानात कापूस घातला आणि तिसऱ्या आठवड्यात बागकामाचा छंद लावून घेतला, तोही गच्चीवर. पुढे काकूंचा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. आपण गुडघ्याला औषध देतोय की जिभेला, हे त्या बिचाऱ्या डॉक्टरांना कुठून कळणार?

त्या दिवसांत गावभर एकच खटला गाजत होता. एक दागिनेवाले शेठ स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये मेलेले सापडले होते आणि त्यांचा मेहुणा आरोपी होता. रोज संध्याकाळी टीव्हीवर सहा चौकोनांत सहा तज्ज्ञ एकदम ओरडायचे. सातव्या चौकोनात लिफ्टचं चित्र असायचं, तेवढंच काय ते शांत. हे सगळं ऐकून सकाळी प्रत्येक बाई आपापला निकाल टोपीखाली घेऊनच पाण्यात उतरायची.

"जामीन झाला म्हणजे सुटलाच की मेहुणा," बँकेत काम करणाऱ्या वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या धाकट्याला ताप आला म्हणून शाळेने घरी पाठवलं," काकू म्हणाल्या. "म्हणजे शाळा सुटली का त्याची?"

"कसली सुटते? बरा झाला की परत जायचंच."

"आणि परीक्षा?"

"ती तर द्यावीच लागते मेल्याला."

"झालं तर. जामीन म्हणजे घरी जा, पण परीक्षेला हजर राहा. पास की नापास ते अजून कुणी म्हटलेलंच नाही."

"पण काकू, चेहराच सांगतो हो त्याचा," शिंपीणताई म्हणाल्या. त्यांचा शिवणकामाचा धंदा होता आणि माणूस बघताक्षणी माप कळतं असा त्यांचा दावा होता.

"चेहऱ्यावरून शिक्षा द्यायची तर माझ्या पासपोर्टवरच्या फोटोला केव्हाच जन्मठेप झाली असती."

वाजवी संशय म्हणजे काय, हे काकूंनी ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी तर बॅच पाऊण तास जागची हलली नाही. "दुधाचं पातेलं रिकामं आहे," काकूंनी सुरुवात केली. "ओट्यावर ओले पंजे, खिडकी उघडी आणि खिडकीत मांजर मिशा चाटत बसलंय. दूध कोणी प्यायलं?"

अकरा जणींनी माना डोलावल्या.

"माना हलवू नका, तोंडाने बोला. मान रेकॉर्डवर येत नाही."

"मांजराने," अकरा जणी म्हणाल्या.

"बरं. आता समजा, त्याच वेळी घरात तुमचे यजमान होते. डॉक्टरांनी त्यांना दूध-साय बंद केली आहे. आणि मिशा त्यांनाही आहेत."

मग शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई जड आवाजात म्हणाल्या, "मी मांजराला सोडून देईन."

"याला म्हणतात वाजवी संशय. आता कुणी म्हणेल, आकाशातून देवदूत उतरला आणि दूध पिऊन गेला. तोही संशयच, पण वाजवी नाही. कोर्ट मांजराला सोडेल ते यजमानांमुळे, देवदूतामुळे नाही."

त्या दिवशी घरी गेल्यावर निदान चार यजमानांना काही कारण नसताना मिशा दाखवाव्या लागल्या म्हणे.

बॅचमध्ये दोघी सख्ख्या जावा होत्या. गेली चार वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. थोरली दांडीच्या या टोकाला, धाकटी त्या टोकाला. "त्यांनी म्हणे आमच्याबद्दल शेजारी असं सांगितलंय," असं थोरलीने एकदा सुरू केलं, तर काकू तिथल्या तिथे म्हणाल्या, "ऐकीव. ज्याने ऐकलं त्यालाच आणा, नाहीतर सोडून द्या." थोरलीने विषय सोडून दिला. तिच्या संसारात असा निवाडा पहिल्यांदाच कुणी दिला होता.

आता खरी गोष्ट. तीन महिने होत आले होते आणि काकूंना पोहता येत नव्हतं.

तलावाच्या मधोमध लाल गोळ्यांची दोरी होती. दोरीच्या अलीकडे चार फूट. पलीकडे फरशी एकदम घसरत जायची आणि भिंतीवरचा आकडा नऊ व्हायचा. काकू रोज त्या दोरीपर्यंत जायच्या, खाली बघायच्या आणि नेमका तेव्हाच त्यांना कायद्यातला एखादा अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आठवायचा. मग मागे फिरून तो सांगणं आलंच. शिकवायला कोचबाई होत्या, पंचविशीतल्या, गळ्यात शिट्टी आणि हातात लांब बांबू. त्या रोज सांगायच्या, "काकू, तोंड मिटा, श्वास धरा, अंग आपोआप वर राहतं." अंग वर राहण्याबद्दल काकूंची तक्रार नव्हती. तोंड मिटणं हाच वादाचा मुद्दा होता.

आणि दाराशी फलक होता. शिकाऊ बॅचमध्ये फक्त तीन महिने. तेवढ्यात लाल दोरीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत एकदा पोहून दाखवायचं, नाहीतर जागा रिकामी करायची. बाकीच्या मागाहून आलेल्या, त्यांना सवड होती. काकूंची मुदत शुक्रवारी संपत होती. आणि शेठच्या खटल्याचा निकाल होता शनिवारी.

"नियम म्हणजे नियम," काकू सगळ्यांना हसून सांगत होत्या. पण गुरुवारी घरी त्यांनी एकच टॉवेल सहा वेळा घडी केला. बत्तीस वर्षं माणसं त्यांच्या डोक्यावरून बोलत आली होती. "काकू, बोला ना" असं म्हणणारी माणसं त्यांना उभ्या आयुष्यात या चार फूट पाण्यातच भेटली होती. जागा गेली तर पुन्हा गच्ची आणि यजमानांची टोमॅटोची रोपं. संशयाचा फायदा टोमॅटोला समजावून काय उपयोग?

शुक्रवारी पावणेआठला पाण्यात टाकायचं औषध घेऊन माणूस आला आणि कोचबाई सही करायला ऑफिसात गेल्या. दहा मिनिटांनी परतल्या तर अकरा जणी एका रांगेत, शाळेच्या फोटोला उभं राहावं तशा.

"मॅडम, काकूंनी पार केलं," बँकेतल्या वहिनी म्हणाल्या.

"कधी?"

"आत्ता. तुमची पाठ वळली आणि निघाल्याच."

"तुम्ही सगळ्यांनी पाहिलं?"

"काकू लाल दोरीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत न थांबता, न बुडता, अगदी स्वच्छ पोहत गेल्या," अकरा जणी एका सुरात म्हणाल्या.

काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत आदल्या दिवशी कट शिजला होता आणि त्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. कोचबाईंनी काकूंकडे पाहिलं, अकरा जणींकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि रजिस्टर उघडलं. त्यांनाही शनिवारचा निकाल समजून घ्यायचाच होता. आता काकूंनी नुसतं गप्प राहायचं, बस. बत्तीस वर्षांची सवय होती त्यांना. पण बत्तीस वर्षं पढवलेले साक्षीदारही ऐकले होते, आणि अकरा तोंडांतून एकच वाक्य, स्वल्पविरामासकट, म्हटल्यावर त्यांच्याने राहवेना.

"थांबा," काकू म्हणाल्या. "लिहायच्या आधी मला यांना चार प्रश्न विचारायचेत."

"काकू, नको," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा. मी कोणता हात आधी टाकला?"

"उजवा."

"डावा," त्याच क्षणी थोरली जाऊ म्हणाली.

काकूंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी चाचरली, मग म्हणाली, "मोठ्या जाऊबाई म्हणतात तेच बरोबर." चार वर्षांत त्या दोघी पहिल्यांदाच एका बाजूला आल्या, तेही खोट्या साक्षीसाठी. थोरलीचे डोळे भरून आले.

"किती वेळ लागला मला?" काकू गणिताच्या बाईंकडे वळल्या.

"पंचेचाळीस सेकंद."

"घड्याळ कुठंय तुमचं?"

"लॉकरमध्ये."

"मग मोजलं कसं?"

"अनुभवावरून."

"कसला अनुभव?"

"पेपर तपासण्याचा," बाई म्हणाल्या आणि पाण्यात हनुवटीपर्यंत बुडाल्या.

"पलीकडे पोचल्यावर मी काय केलं?" हा प्रश्न शिंपीणताईंना.

"दम खाल्लात आणि बोलायला लागलात."

"हे पटण्यासारखं आहे," कोचबाई म्हणाल्या.

"ठीक. मी पलीकडे गेले. मग आत्ता इथे चार फुटांत कशी? परत कशी आले?"

कटाचा एवढा बारीक विचार झाला होता, पण काकूंना परत आणायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बसने."

काकूंनी डोक्यावरची टोपी काढून पुढे धरली. ठणठणीत कोरडी. "मॅडम, साक्षीदार फुटले. लिहू नका."

"कमाल करता तुम्ही," वहिनी आता खरंच चिडल्या. "आम्ही तुमच्या बाजूचे साक्षीदार होतो."

"म्हणून तर जीव तुटला माझा. इतकी कच्ची साक्ष मी जन्मात उतरवून घेतली नाही. त्या मेहुण्याबद्दल महिनाभर घसा कोरडा केला, की पाहिलं असेल तेवढंच बोला. आणि माझी वेळ आली की सगळ्या मिळून मला नऊ फुटांतून चालवून आणता?"

रजिस्टर उघडंच होतं. घड्याळात सव्वाआठ.

"मग काकू," कोचबाई म्हणाल्या, "आता?"

काकूंनी टोपी पुन्हा घातली, दोरीपाशी गेल्या, खाली पाहिलं. या खेपेला कोणताच मुद्दा आठवला नाही. वादासाठी होतं ते सगळं आत्ताच खर्च झालं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि दोरी सोडली.

त्या पोहण्याला नाव देणं अवघड. थोडा बेडूक, थोडी कात्री आणि थोडं सुटलेला पदर सावरणं, असं ते होतं. दोरीपाशी अकरा जणी एकदम ओरडू लागल्या, निम्म्या "उजवा" आणि निम्म्या "डावा", त्यामुळे काकू मध्येच स्वतःभोवती एक फेरी मारून आल्या. मग एकदा दिसेनाशा झाल्या. कोचबाईंनी बांबू पुढे केला. टोपी वर आली, मागोमाग काकू वर आल्या, त्यांनी बांबू हाताने बाजूला लोटला आणि पुढे निघाल्या. पलीकडच्या भिंतीची दांडी हाताला लागली तेव्हा त्या अख्खं दीड मिनिट एक शब्दही बोलल्या नव्हत्या. कोचबाईंनी रजिस्टरवर सही केली.

जल्लोष ओसरल्यावर कोचबाईंनी फलकावरची पुढची ओळ वाचून दाखवली. पास झालेल्यांनी उद्यापासून खोल बाजूला जायचं. उथळ बाजूला थांबायला परवानगी नाही. नापास झाल्या तर काकू जाणार, याचा अकरा जणींनी पुरेपूर विचार केला होता. पास झाल्या तरी जाणारच, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

शनिवारी दुपारी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन मेहुण्याची निर्दोष सुटका. टीव्हीवरचे तज्ज्ञ सहाचे नऊ झाले. रविवारी तलाव बंद. सोमवारी सकाळी काकू पलीकडची दांडी धरून सज्ज होत्या. रोज मुकाट्याने वीस फेऱ्या मारणाऱ्या दोन आजी, आयुष्यात पहिल्यांदा मध्येच थांबून, त्यांच्या दोन बाजूंना लटकल्या होत्या. आणि इकडे लाल दोरीवर अकरा जणी, तारेवर चिमण्या बसाव्या तशा.

"...निर्दोष... म्हणजे केलंच नाही असं नव्हे... तर..." असं काहीतरी पाण्यावरून येत होतं आणि मधल्या नऊ फुटांत विरघळत होतं.

"काय म्हणाल्या?" थोरलीने विचारलं.

"कळलं नाही, जाऊबाई. जाऊया का?" धाकटी म्हणाली.

दोघी एकमेकींचा हात धरून निघाल्या. हे नियमात बसतं की नाही ते बघायच्या आतच त्या पोचल्याही. मंगळवारी शिंपीणताई गेल्या. बुधवारी गणिताच्या बाई गेल्या, मोठ्याने हात मोजत. गुरुवारपर्यंत सात जणी पलीकडे होत्या, आणि एवढा निकाल लावणारी शिकवण्याची पद्धत कोणती, अशी चौकशी कोचबाईंकडे वरून आली. त्यांनी उत्तरात "सराव" एवढंच लिहिलं.

शुक्रवारी बँकेतल्या वहिनी दोरीला घट्ट चिकटून उभ्या होत्या. पाण्याला त्या सगळ्यात जास्त घाबरायच्या. पलीकडून काकूंचा आवाज आला, की सरकार आता वरच्या कोर्टात जाणार आहे.

"म्हणजे संपलं नाही अजून?" वहिनींनी ओरडून विचारलं.

"कसलं संपतंय? आता अपील."

"अपील म्हणजे काय?"

काकूंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी वहिनीच ओरडल्या, "थांबा, आता नका सांगू. मी तिथे आल्यावर सांगा," आणि त्यांनी दोरी सोडली.