मीठ घातलेला बर्फ

मिठागरात ज्ञानदेव दिवसभरात जेवढं मीठ ओढायचा, तेवढं दुसऱ्या कुणाला जमत नसे. बहात्तरच्या दुष्काळात तो जालन्याहून आला, खारी गावाच्या मागे झोपडं बांधलं आणि एकोणीस वर्षं डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. पण एक्क्याण्णवच्या मे महिन्यात त्याचा जीव एका बाटलीत अडकला.

त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीला, संघप्रियाला, साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून बाटली मिळायची. डॉक्टर दर खेपेला बजावायचे, "फ्रीजमध्ये ठेवा." बाटली जेसल पार्कात हंसाबेनच्या फ्रीजमध्ये असे. ज्ञानदेवची बायको केसरबाई तिथे धुणीभांडी करायची, मुलगी तिथेच जाऊन टोचून घ्यायची.

मे महिन्यात हंसाबेन पंधरा दिवस गावाला निघाल्या. "केसरबाई, ये ले जाओ. घर बंद करते टाइम लाइट पूरा बंद करना पडता है."

ज्ञानदेवनं केबिन रोडवरून बर्फ आणला, पत्र्याच्या डब्यात भुसा भरून त्यात ठेवला. दुपारपर्यंत पाणी. मग त्याला आठवलं, कुल्फीवाले बर्फात मीठ घालतात, डबा हाताला चटका देईल इतका गार होतो. त्यानं दोन ओंजळी मीठ ओतलं, बाटली आत खोल रोवली.

"आता बघ. हंसाबेनच्या फ्रीजच्या वरताण झाला."

"हंसाबेनचा फ्रीज जमिनीवर गळत नाय," केसरबाई म्हणाली आणि फडकं घेऊन पुसायला बसली.

तो दिवसातून दोनदा बर्फ आणायचा, टोचायच्या वेळी गोठलेलं औषध मुठीत धरून पातळ करायचा. मिठागरातून जेवायच्या सुट्टीत धावत यायचा, डब्यात हात घालून बघायचा, न जेवता परत जायचा. चौथ्या दिवसापासून मुलगी सारखी पाणी मागू लागली.

"गोड खाल्लंस ना?" तो ओरडला.

"कुठून खाऊ, बाबा? घरात गूळ तरी हाय का?"

एकही इंजेक्शन चुकलं नव्हतं. तरी सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. ज्ञानदेवनं तिला खांद्यावर घेतलं, बाटली खिशात घातली आणि हॉस्पिटल गाठलं.

मुलीला सलाइन लावून सुलू सिस्टरनं बाटली उजेडात धरली. आत गुठळ्या झाल्या होत्या.

"हे गोठवलं कुणी?"

"मी. बर्फात मीठ घालून."

"अहो, गोठलं की औषध मरतं. तुम्ही पोरीला पाणी टोचत होतात!"

"मग आधी सांगायचं ना, सिस्टर."

"फ्रीज नाही हे तुम्ही सांगायचं ना!"

"विचारलं कुणी?"

सिस्टरनं बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग म्हणाली, "ओल्या वाळूत मडकं ठेवा, त्यात बाटली, वर ओलं फडकं. बर्फ नको. तेवढा गारवा पुरतो."

दोन दिवस मुलगी ग्लानीत होती. ज्ञानदेवला बसवेना. वॉर्डातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून वॉर्डात. बाकावर बाटली घेऊन बसलेल्या प्रत्येकाला तो विचारू लागला, "घरी फ्रीज हाय का?" विरारच्या एका म्हाताऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. ज्ञानदेव त्याच्यासमोर उकिडवा बसला, वाळू किती, पाणी किती, सगळं हातानं दाखवलं, आणि त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी संघप्रिया पेज प्यायली. तो उठला आणि पुढच्या बाकाकडे गेला.