वाकडं मडकं

धुळ्याच्या त्या स्टुडिओत पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं, "भाऊ, माझ्या चित्रांचा मेकअप करायचा नाही." तो "हो अक्का" म्हणाला, आणि मी जळगावला परतले.

गिरणाकाठच्या उत्खननात निघालेली मडकी मी तरुणपणी ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढली होती. आता ती स्कॅन होऊन वेबसाइटवर जायची होती. काम मिळालं लग्नाचे अल्बम करणाऱ्या या फोटोवाल्याला. माणूस मेहनती, पण सवय कुठे जाणार? नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा तो न विचारता पुसतो.

पुढच्या खेपेला त्यानं कौतुकानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "देखा अक्का, बठ्ठं सरळ शे!"

सगळं सरळ! माझं डोकंच फिरलं. स्क्रीनवरचं ते मडकं मुळात उजवीकडे कललेलं होतं, त्याच बाजूला काठाखाली घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा खळगा होता. या भल्या माणसानं डावी बाजू उलटी करून उजवीकडे चिकटवली होती!

"अहो, हे हातानं घडवलेलं, चाकावरचं नाही. वाकडंच होतं ते!"

"मला वाटलं, तुमचा हात चुकला."

माझा हात! कान तापले माझे. पण त्याला काय ठाऊक? मग नीट सांगितलं. ते मडकं आता राहिलेलं नाही. सामान हलवताना खोका पडला आणि त्याचा चुरा झाला. फोटोही कुणी काढला नव्हता. ते कसं होतं, हे फक्त या चित्रात आहे.

त्याचा चेहरा उतरला. पहिल्या स्कॅनवरच त्यानं नवं सेव्ह केलं होतं, जुना स्कॅन पुसला गेला होता. "कागद आहे ना," म्हणत त्यानं रबर लावून ठेवलेली गुंडाळी घाईनं उलगडली. जुना ट्रेसिंग पेपर, पापडासारखा कडकन मोडला. तुकडे काचेवर जुळवले, तर उजव्या काठाखालचा नखाएवढा तुकडा भुगा झालेला. खळगा गेला.

"अक्का, तुम्हीच काढा," म्हणत त्यानं कॉम्प्युटरचा पेन माझ्या हातात दिला.

मी पेन टेकवला. पण तो खळगा किती खोल होता, हेच आठवेना. डोळे मिटून पाहिलं, तरी नाही. न सापडलेला भाग आम्ही तुटक रेषेनं दाखवतो, तशी तुटक रेषा मी तिथे ओढली.

"असाच होता का, अक्का?" त्यानं हळूच विचारलं.

"माहीत नाही रे भाऊ," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.