मेणातला तुकडा

पॅथॉलॉजीच्या खोलीत तिला सगळे ‘चार मायक्रॉन’ म्हणत. रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे चार मायक्रॉनचे, म्हणजे केसाहून पातळ, काप काढायचे आणि कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे, हे तिचं काम. तिचा काप कधी फाटायचा नाही की चुरगळायचा नाही. नवे डॉक्टर कौतुक करायला लागले की म्हणायची, “हात तेवढे आणते मी. डोकं घरी ठेवून येते.” सगळे हसायचे. ती मात्र खरं तेच सांगत असायची.

बावीस वर्षांपूर्वी तिचा दुसरा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला आणि रक्त काही थांबेना. गर्भाशयात गाठ निघाली, वारेच्या पेशींची. बाळाला पोसायला आलेल्या या पेशी कधीकधी बाळ नसतानाही वाढत सुटतात, थेट फुफ्फुसापर्यंत जातात. नशीब एवढंच, की हा कॅन्सर औषधाला चटकन नमतो. आठ वेळा सलाइनमधून औषध घेतलं, केस गेले, दर आठवड्याला रक्त तपासलं. या पेशी सोडतात तो गरोदरपणाचा हार्मोन रक्तातून पार नाहीसा झाला आणि ती वाचली. नवरा, सासू, आई, एरवी ज्यांचं कशावरच जमत नसे, त्या सगळ्यांचं यावर मात्र एकमत झालं: जाता जाता त्या पडलेल्यानं डाव साधला. तिलाही ते पटलं. त्याच्यासाठी तिनं एक टिपूस गाळलं नाही. दोन वर्षांची लेक कडेवर होती. हिच्याकडे बघून जगले, असं ती चारचौघांत सांगायची.

यंदा संशोधन करणाऱ्या मॅडमनी अशा गाठींचे जुने ठोकळे कपाटातून काढायला लावले. गाठ नेमकी कुठल्या गरोदरपणातून आली, ते जनुकं जुळवून बघायचं होतं. ते कळलं की औषध किती कडक द्यायचं हे ठरवणं सोपं जातं. ठोकळ्यावर नुसता नंबर असतो. स्वतःचा नंबर तिला पाठ होता.

“हा माझा,” ती म्हणाली आणि स्वतःच कापायला बसली. एकही काप फाटला नाही. जुळवून बघायला घरी तिनं, नवऱ्यानं आणि लेकीनं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली. “घे, माझी थुंकी विज्ञानाला दान!” लेक म्हणाली.

महिन्याभरानं मॅडमनी तिला समोर बसवलं.

“ताई, गाठ त्या पडलेल्या गर्भाची नव्हती. मुलीच्या वेळची होती. तिच्या वारेच्या काही पेशी दोन वर्षं आत दबा धरून बसल्या होत्या. यात दोष कुणाचाच नाही. मुलीचा तर नाहीच नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “पाणी फार तापलं का बघून येते.”

पाणी बरोबर होतं. तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. दात काढताना हिरडी बधीर होते, तशी ती आतून झाली होती. सुट्टी होईपर्यंत तिनं साठ काप काढले.

घरी जाताना एवढंच डोक्यात होतं, की लेकीला काय सांगायचं. पोरगी हसरी, पण मनाला लावून घेणारी. शाळेत असताना तिला आईचा केस गेलेला फोटो सापडला होता. त्यानंतर आठवडाभर तिनं स्वतःची वेणी घालू दिली नव्हती. दोष नाही म्हणून कितीही समजावलं, तरी हिच्या डोक्यातून ते कधी जाणार नव्हतं.

संध्याकाळी लेक ओट्याशी भांडी पुसत होती.

“आई, काय निघालं गं? त्याचाच प्रताप ना सगळा?”

“हो,” ती म्हणाली. “त्याचाच.”

“वाटलंच मला! छळवादी कुठलं.”

तिनं पुसलेलं ताट घेतलं आणि फळीवर ठेवलं. बावीस वर्षं त्याला बोल लावला, तो न कळता. आज सगळं कळून खापर पुन्हा त्याच्याच डोक्यावर फोडलं. त्याला ना नाव होतं, ना बाजू घेणारं कुणी.

“असं बोलू नकोस गं त्याला,” ती एकदम म्हणाली आणि हातातलं दुसरं ताट कुठे ठेवायचं ते तिला सुचेना.