आठ माणसं आणि एक कॉट

आमच्या गेममध्ये ना बंदूक होती, ना गाडी. परळच्या चाळीतली दहा बाय बाराची एक खोली, रात्रीची वेळ आणि घरातली आठ माणसं. सगळ्यांना झोपायला जागा करून द्यायची, एवढाच खेळ. पहाटे कामावर जाणारा दाराजवळ हवा, परीक्षा असलेल्या मुलीला दिव्याखाली जागा हवी, आणि सगळं जमत आलं की गावाहून पाहुणा येतो.

ही खोली माझ्या मैत्रिणीच्या लहानपणची. चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला, त्यातल्या एका मजल्यावर ती तिच्या बाबांबरोबर राहते. जुन्या खोलीचा तिच्याकडे धड एक फोटोही नाही. ती चित्रं काढायची, मी कोड लिहायचो. दोघांनीही नोकऱ्या सोडल्या होत्या आणि साठवलेले पैसे जेमतेम दिवाळीपर्यंत पुरणार होते. तोवर गेम उभा राहिला नाही, तर तिला परत ॲनिमेशनच्या स्टुडिओत जाऊन दुसऱ्यांच्या सिनेमांतले ढग रंगवावे लागणार होते.

तिने खोली अशी रंगवली की मी कोड सोडून ती बघतच बसलो. गॅलरीतून येणारा बल्बचा पिवळा पट्टा, मांडणीवरच्या भांड्यांची चमक, कॉटखालची दाट सावली. पण हा उजेड तिने चित्रातच रंगवून टाकला होता. कॉट सरकवली की सावली मागेच राहायची. मग कॉट हलवायचीच नाही, असं आम्ही ठरवलं. नंतर कपाट. नंतर टेबल. शेवटी खेळणाऱ्याच्या हातात नुसत्या गाद्या उरल्या आणि कपातला चहा निवायच्या आत खेळ संपायला लागला.

"उजेड हलता करता येईल," ती म्हणाली.

"येईल की. चार माणसं आणि एक वर्ष आण कुठून तरी."

"तुला चित्र म्हणजे नुसती रंगरंगोटी वाटते रे."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं की ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मला तिचा राग यायचा, पण चित्र उघडलं की तो टिकायचा नाही. ते तिचं घर होतं. ते मोड, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

सांगावं लागलं नाही. एका सकाळी गेलो, तर खोली सपाट झाली होती. सावल्या नाहीत, चमक नाही. कॉट म्हणजे तपकिरी चौकोन, माणसं म्हणजे कागदातून कापलेली. पण एकूण एक वस्तू सुटी होती. तिचे डोळे सुजले होते.

"आता हलव काय हलवायचं ते," ती म्हणाली.

मी हलवलं. कॉट भिंतीला उभी लागू लागली, टेबलाखाली पाय जाऊ लागले, आणि खेळ अचानक अवघड झाला. मला वाईटही वाटत होतं आणि हुरूपही आला होता.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिच्या बाबांना पहिल्यांदा खेळायला बसवलं. काका कचेरीतून निवृत्त झालेले, गेम वगैरे कधी न खेळलेले. त्यांनी सात माणसं भराभर लावली आणि आठव्यापाशी अडले. तो आठवा म्हणजे घरातला बाप.

"काका, त्याला गॅलरीत टाका, लगेच सुटेल," मी म्हटलं.

"ते माहीत आहे रे. जन्मभर तिथेच झोपलो."

त्यांनी सगळी खोली मोकळी केली आणि पहिल्यापासून मांडायला घेतली. कॉट उभी केली, पुन्हा आडवी केली, टेबल बाहेर काढलं. जेवायला हाक मारली तरी उठेनात. आपला गेम उभा राहिला, हे मला तेव्हा कळलं. शेवटी त्यांनी बापाला आत आणलं आणि दोन मुलांच्या मधे निजवलं.

"बाबा, पाहुणा गॅलरीत गेला," ती मागून म्हणाली.

"जाऊ दे," काका म्हणाले. "एक रात्र झोपेल तो."

आणि त्यांनी गेममधली पुढची रात्र सुरू केली.