दोन बोटं माती

वस्ताद आधी मूठभर माती उचलत. ती मुठीत घट्ट दाबत, हात छातीपर्यंत नेत आणि मूठ सोडून देत. खाली पडून ढेकूळ सहज फुटलं की खूश. मग तळहाताला चिकटलेली माती नाकाशी नेऊन लांब श्वास घेत आणि म्हणत, "मातीचं तेवडं मला सांगू नगा, बाई."

आणि मी तर त्यांना नेमकं मातीचंच सांगायला बसलेली असे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी मी अळिंबी पिकवायचे वर्ग घ्यायची. अळिंबी म्हणजे मशरूम. पेठेतली जुनी माणसं त्याला सरळ कुत्र्याची छत्री म्हणत आणि मला अर्धवट. वर्गाला येत त्या पापड-चटणीचा घरगुती उद्योग करणाऱ्या बायका. त्यांच्यात एक दिवस हे आले. दाराची चौकट भरून टाकणारं अंग, कुस्ती खेळून मोडलेले कान. बायका अंग चोरून सरकल्या, तर म्हणाले, "बसा, बसा. मी हितं कोपऱ्यात बसतो. तुमचं चालू द्या."

कोपरा त्यांना पुरला नाही, ही गोष्ट वेगळी.

गल्लीतल्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळा गाव त्यांना वस्तादच म्हणे, मीही तेच म्हणू लागले. वर्ग संपल्यावर मी विचारलं, "वस्ताद, तुम्ही इकडं कसे?"

"डाक्टरनं मटान बंद केलंय," ते म्हणाले. "हार्टचं निघालं. ह्ये तुमचं मशरूम मटनावानी लागतंय म्हंत्यात. खरं काय?"

मला हसू आलं. पण पुढचं ऐकल्यावर ते गेलं. त्यांच्या घरी दर रविवारी दुपारी पंगत बसायची. तालमीत तयार झालेले जुने पट्ठे येत. कुणी ट्रक चालवे, कुणी दुधाचा धंदा करी, एकाचे कबनूरला माग होते. काकी, म्हणजे वस्तादांची बायको, तांबडा रस्सा करत. वस्तादांनी पहिला घास घेतल्याशिवाय ताटाला कुणी हात लावायचा नाही, हा रिवाज. आता डॉक्टरांनी मटण तोडल्यावर वस्ताद पोरांना म्हणाले, मी गवार खातो, तुम्ही हाणा. तर पट्ठे म्हणाले, "वस्ताद गवार खानार आन आमी नळ्या फोडायच्या? न्हाय जमायचं." मग एकेकाला रविवारी कामं निघू लागली. कुणाची म्हैस व्याली, कुणाची गाडी बंद पडली. पंगत मोडली.

"मटनाचं काय न्हाय, बाई. त्ये जाऊ दे खड्ड्यात," वस्ताद म्हणाले. "पोरं तुटली माजी."

एवढा मोठा माणूस असं बोलला की आपल्यालाच कुठं बघावं कळत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

सुरुवात आम्ही धिंगरीनं, म्हणजे शिंपल्यासारख्या पसरट अळिंबीनं केली. भाताचं पिंजर, म्हणजे वाळलेलं काड, कापून भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर भरायचं, मध्ये बियाणं टाकायचं. वस्तादांनी ते इतक्या जोरानं भरलं की दोन पिशव्या जागेवरच फाटल्या. "वस्ताद, ही कुस्ती नाही," मी म्हटलं. धिंगरी छान आली. काकींनी मसाला भाजून रस्सा केला. वस्तादांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि खिन्न झाले. "ह्यात चावायला काय हाय, बाई? ह्यो रस्सा पोरांस्नी घातला तर पुन्यांदा उंबरा चढायची न्हाईत."

म्हणून मग दुधी अळिंबी. ती उन्हाळ्यात येते, पांढरीशुभ्र, देठ जाड आणि दाताला लागणारा. पण तिची एक मागणी असते. पिंजरात बियाण्याचे पांढरे तंतू सगळीकडं पसरले की पिशवी वरून उघडायची आणि त्यावर दोन बोटं जाडीचा मातीचा थर द्यायचा. त्याला केसिंग म्हणतात. तो नसेल तर पिंजर पांढरं होऊन नुसतं बसून राहतं, वर काही येत नाही. जुनं कुजलेलं शेणखत, बागेतली माती आणि थोडी खडूची भुकटी चाळून एकत्र करायची, वाफवायची, निववायची आणि हलक्या हातानं पसरायची. मी सांगत होते आणि वस्ताद मान हलवत होते. पण ती मान ऐकणाऱ्याची नव्हती.

पिशव्या पांढऱ्या झाल्या तशी त्यांनी घरीच आपल्या हातानं मातीचा थर दिला आणि पट्ठ्यांना रविवारचं आवतण देऊन टाकलं. पंधरवडा उलटला तरी मातीवर काही दिसेना, तेव्हा मला बोलावणं आलं. त्यांच्या मागच्या खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. खोलीला वास येत होता तो थेट तालमीचा! पिशव्यांवरची माती पिवळीधमक, कडेनं आंबलेली, वर चिलटं.

"वस्ताद, यात काय घातलंत?"

"काय म्हंजे? हळद, ताक, लिंबू, गोडं तेल, कापूर, कडुलिंबाचा पाला. हौद्याच्या मातीला घालतो त्येच की! उगं आपलं पैलवान लोळतोय व्हय त्या मातीत? अंगाला नायटा उटाय नगो."

तालमीच्या हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली माती त्यांनी अशी वर्षानुवर्षं सांभाळली होती. घरच्या पिशव्यांसाठीही त्यांनी तेवढ्याच मायेनं तशीच तयार केली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो, नायटा ही बुरशीच. आणि अळिंबी तिच्याच भावकीतली. तुम्ही जन्मभर जिला मातीबाहेर काढलंत, तिलाच आता माती द्यायचीय."

वस्तादांनी वाकून एका पिशवीत डोकावलं आणि हळूच म्हणाले, "म्हंजी बाई, आपुन नायट्याची भाजी खानार?"

आतून काकी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली वाटी पडली. वस्तादही हसले, पण ते तेवढ्यापुरतं. पुढचे दोन दिवस कधी सायकलनं, कधी एस्टीनं ते एकेका पट्ठ्याच्या दारी जाऊन आले. रविवारचं जेवण रद्द म्हणून सांगायला त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. कबनूरवाल्यानं विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "पाट टेकली माजी. मातीनंच टेकवली."

दुसऱ्या खेपेला मी स्वतः शेजारी उभी राहिले. अंघोळीच्या पाण्याच्या मोठ्या हंड्यात माती वाफवली. वस्तादांच्या मुठीत काहीतरी आहे असा मला संशय आला.

"उघडा मूठ."

"चिमूटभरच हाय वो."

"वस्ताद."

नाइलाजानं त्यांनी ती हळद स्वतःच्या कपाळाला लावली. मग पायातल्या चपला काढल्या, निवलेल्या मातीला हात लावून तो डोक्याला टेकवला आणि थर द्यायला बसले. ज्या हातांनी माणसं उचलून आपटली, ते हात अगदी बाळाच्या अंगाला तेल लावल्यासारखे चालत होते. माती दाबली नाही, पाणी फक्त शिंपडलं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

पुढं एका सकाळी गल्लीच्या टोकापासून त्यांची हाक ऐकू आली. "ओ बाई! उटली वो, उटली!" अख्खी गल्ली खिडकीत आली. काळ्या मातीतून पांढरी टोकं वर आली होती.

त्या रविवारच्या पंगतीला मलाही बोलावणं होतं. पट्ठे आले, पण अवघडून बसले होते. नेसरीकडचा एक लिंगायत पट्ठा इतकी वर्षं पंगतीच्या टोकाला आमटी-भात घेऊन बसायचा. काकींनी त्याच्यासाठी रस्सा करायला पातेलंही नवं कोरं आणलं होतं. तरी तो ताटात बोटानं तुकडा उलटापालटा करून बघत होता.

"वस्ताद, शप्पत घ्या. ह्ये मटान न्हाय न्हवं?"

"आरं, मी सोता पेरलंय त्ये! मटान पेरत्यात व्हय?"

वस्तादांनी भाकरी मोडून पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. "मटान न्हाय," ते अखेर म्हणाले, "पन हाय बऱ्यापैकी. हाना." त्यानंतर अर्धा तास नुसते भुरके ऐकू येत होते. नेसरीचा पट्ठा ओळीच्या मधोमध बसून तीनदा रस्सा मागत होता, आणि वस्ताद स्वतः न खाता त्याच्याकडंच बघत होते. इतका सुखी माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

पुढं पंगत बसत राहिली. उन्हाळ्यात दुधी, एरवी धिंगरी, आणि नाहीच काही आलं तर पिठलं. तेव्हा पिठल्यावरूनही कुणी उठून गेलं नाही. मधल्या काळात तालमीत मातीच्या जागी मॅट आली. काळाप्रमाणं ते व्हायचंच होतं, वस्तादांनीही विरोध केला नाही. त्या दिवशी ते लवकर घरी आले आणि चाळण घेऊन बसले. गरज होती त्याच्या दुप्पट माती त्यांनी चाळून ठेवली.

एका उन्हाळ्यात दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. कसला त्रास नाही, कुणाकडून पाणी मागून घेणं नाही. मला फार आठवण येते त्यांची, हे सरळच सांगते.

मागच्या खोलीत त्यांनी थर देऊन ठेवलेल्या पिशव्या होत्या. सुतक फिटेपर्यंत मीच रोज जाऊन पाणी शिंपडत होते. पहिली अळिंबी काढायला आली तेव्हा काकी म्हणाल्या, "येत्या रैवारी पोरांस्नी बलीवते."

सगळे आले. काकींनी ताटं वाढली. भिंतीकडची वस्तादांची जागा मोकळी ठेवून त्यांच्याही नावानं ताट मांडलं. पट्ठे ओळीनं मांडी घालून बसले आणि बसूनच राहिले. रस्सा निवत चालला. केस पिकलेली ती आडदांड माणसं माना खाली घालून नुसती ताटाकडं बघत होती. पहिला घास कुणी घ्यायचा?

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर आत एकटीनं जेवायचं, ही त्यांची जन्माची रीत. त्या पदर सारखा करून बाहेर आल्या आणि वस्तादांच्या जागेवर बसल्या. भाकरी मोडली, रश्शात बुडवली, घास तोंडात घातला.

"मीठ कमी पडलंय," चावता चावता त्या म्हणाल्या. "खावा आता."

तेव्हा कुठं ओळीतले हात ताटांकडं गेले.