आवाज सापडला नाही तर

मी लिहिण्याचा एक प्रोग्राम बनवतो. ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि कोडसकट सगळ्यांसाठी खुला. आमच्या घाटंजीत कोणी विचारलं, "त्यातून भेटते काय?" की माझं डोकं सणकतं, म्हणून हल्ली मी सांगतच नाही. सुरू केला तो ताईसाठी. काचबिंदूनं तिची नजर गेली, शाळेतली नोकरी सुटली आणि फुलसावंगीच्या घरात ती दिवसभर नुसती बसून राहायची. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, पडद्यावरची प्रत्येक सूचना मराठीत बोलून दाखवायची सोय मी प्रोग्राममध्ये केली. त्या आवाजावर ताई पुन्हा लिहायला लागली. आई गेल्यावर आईबद्दलच लिहायची.

बोलण्याचं काम दुसऱ्यांनी बनवलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते. ती कॉम्प्युटरवर नसली की आमचा प्रोग्राम बिल्डच होत नसे, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम तयारच होत नसे. पुढे ठिकठिकाणचे लोक या कामात आले. त्यांतला एकजण सारखी कुरकुर करायचा, मला आवाज नकोच आहे, मग ही लायब्ररी माझ्या माथी कशाला? म्हणणं रास्त होतं. मी ती ऐच्छिक केली. पण बिल्ड करणाऱ्याला हवी की नको हे विचारायचं सोडून मी आपोआपचा मार्ग धरला: सापडली तर घे, नाही सापडली तर मुकाट्यानं आवाजाशिवाय पुढे जा. कुरकुर थांबली. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग नवा लॅपटॉप आला. त्यावर ती लायब्ररी टाकायची राहून गेली. नवी आवृत्ती बिल्ड केली, एका शब्दाची तक्रार न करता झाली. पेन ड्राइव्हवर घेऊन फुलसावंगीला गेलो. ताई शेजारी गेली होती. तिच्या कॉम्प्युटरवर टाकली, उघडून पाहिली, अक्षरं नीट दिसली. दिसली म्हणे! आंधळ्या बहिणीचा प्रोग्राम मी डोळ्यांनी तपासला, भाऊजींना "नवीन टाकलं" एवढं सांगितलं आणि बस गाठली.

अकरा दिवसांनी भाऊजींचा फोन आला. "तुमची ताई धड जेवून नाही राह्यली. त्या मशीनसमोर बसते, उठते. कोनाशी बोलत नाही."

तसाच निघालो. ताई टाइप करत होती आणि खोलीत फक्त कळांची टकटक होती.

"ताई, आवाज कवापासून नाही?"

"तूच काढला ना?" ती म्हणाली. "मले वाटलं, बाकीच्यायले लागत नसंल. मंग माह्या एकटीसाठी कायले ठेवशीन?"

"अन् फोन काहून नाही केला मले?"

"तुले अडचन होत असंल म्हनूनच काढला असंल ना. बोटायले पाठ हाय सारं. लिवलं तसंच."

राग आला, माझाच. लॅपटॉप सोबत होता. तिच्याच बाजेवर बसून कोड बदलला. आता बिल्ड करताना आवाज हवा की नको ते सांगता येतं. काही सांगितलं नाही तर हवा असंच धरलं जातं. आणि हवा असताना लायब्ररी सापडली नाही, तर कारण सांगून बिल्ड तिथंच थांबतं. पहिल्यांदा माझंच थांबलं. लॅपटॉपवर लायब्ररी टाकली, पुन्हा बिल्ड केलं. तोवर ताईनं नेहमीसारखी सेव्हची कळ दाबून कॉम्प्युटर बंद केला होता; तो सुरू करून त्यावर नवी आवृत्ती टाकली. अर्ध्या तासाचं काम होतं, आधीच करता आलं असतं.

आवाज आला. ताईचा चेहरा जरा सैलावला. "आता मी लिवलेलं ऐकव," ती म्हणाली.

फाइल उघडली. शेवटचं वाक्य अकरा दिवसांपूर्वीचं होतं. नवी आवृत्ती पहिल्यांदा सेव्ह करताना विचारते, जुनी फाइल नव्या पद्धतीनं ठेवू का? तो प्रश्न ताईला ऐकूच आला नव्हता. रोज ती सेव्हची कळ दाबायची, कॉम्प्युटर बंद करायची आणि उठायची. तिच्यामागे तो सगळं टाकून देत होता.

"किती राह्यलं?" तिनं विचारलं.

"या अकरा दिवसांतलं काहीच नाही, ताई."

तिनं कळांवरचे हात काढून घेतले. म्हणाली, "आईचे शेवटचे दिवस लिवले होते. काय काय बोलली ते."

"पुन्हा लिही. मी थांबतो इथं."

"एकडाव लिवलं कसंबसं. दुसऱ्यांदा नाही होत माह्याच्यानं." मग, अजिबात न रागावता, ती बोलली, "तू नव्हता ना तवा. तुह्यासाठीच लिवून राह्यली होती."